कानाचे गुण

चीनमध्ये शाळा शिकलेल्या, आता तिशी-पस्तिशीत असलेल्या कुणालाही विचारा, शर्टाची किंमत किती? उत्तर येईल, नऊ पौंड पंधरा पेन्स. गाओकाओ ही तिथली महाविद्यालयीन प्रवेशाची परीक्षा. तिच्या इंग्रजी श्रवणाच्या भागात सुरुवातीला नमुन्याचा एक प्रश्न असतो. दुकानातला संवाद ऐकायचा आणि छापलेल्या तीन किमतींतून खरी ओळखायची: नऊ पौंड पंधरा, नऊ पौंड अठरा, एकोणीस पौंड पंधरा. इंग्रजीत हे आकडे घाईत बोलले तर कानाला गोंधळात टाकतात, म्हणून तर ते निवडलेले. उत्तर तिथेच दिलेलं असतं आणि त्याला गुण नसतात. वर्षानुवर्षं तोच शर्ट, तीच किंमत. तो प्रश्न पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला त्यातली कारागिरी आवडली. पण कागदावर शर्टाची किंमत वाचायला लावणं आणि ती कानाने टिपायला लावणं यांत मोठं अंतर आहे. चीनच्या परीक्षेला ते पार करायला वीसेक वर्षं लागली.

बारावीचे इंग्रजीचे पेपर तपासण्यात माझी सगळी नोकरी गेली. आपल्याकडे ऐंशी गुण लेखी, वीस तोंडी. विद्यार्थ्याच्या कानाची जी काय पारख व्हायची ती त्या वीसांत आणि आपल्याच महाविद्यालयात व्हायची. निवृत्तीनंतर मुलाच्या नोकरीमुळे ग्वांगझौला राहण्याचा योग आला. तिथे कळलं, की इंग्रजीची परीक्षा कशी घ्यावी हा प्रश्न ज्या शहरात बसून चीनने पहिल्यांदा नीट सोडवायला घेतला, ते हेच शहर.

परदेशी भाषेची पारख चीनमध्ये जुनी आहे. १८६२ साली छिंग दरबाराने बीजिंगमध्ये ‘तोंगवन ग्वान’ ही भाषांची शाळा काढली. परकीय वकिलातींशी बोलायला, त्यांचे खलिते वाचायला माणसं हवी होती. तिथली परीक्षा मुख्यतः भाषांतराची. जो देश शेकडो वर्षं लेखी निबंधांवरून अधिकारी निवडत आला, त्याला वाचन तपासणं म्हणजे कागद देऊन कागद घेणं हे स्वाभाविकच वाटलं असणार. १९०५ साली ती जुनी दरबारी परीक्षा बंद झाली, पण कागदावरचा विश्वास गेला नाही.

१९५० च्या दशकात शाळांमधली मुख्य परकी भाषा रशियन होती. मॉस्कोशी बिनसल्यावर इंग्रजी पुढे सरकली, आणि तेवढ्यात १९६६ साली सांस्कृतिक क्रांती सुरू होऊन प्रवेशपरीक्षाच बंद पडली. त्या काळात परदेशी रेडिओ केंद्र ऐकणं हा गुन्हा होता. शत्रूचं केंद्र चोरून ऐकलं म्हणून लोकांना शिक्षा झाल्या. म्हणजे खऱ्या इंग्रजी आवाजाकडे कान देणंच धोक्याचं.

१९७३ च्या जुलैमध्ये हनान प्रांतातल्या एका खेडेगावच्या शाळेत एका मुलीने इंग्रजीची उत्तरपत्रिका कोरी ठेवून तिच्या मागे चार ओळी लिहिल्या. आशय असा, की मी चिनी आहे, मला परकी भाषा कशाला, एबीसीडी आली नाही तरी क्रांतीचं काम करता येतं. शाळेने तिला झापलं, सगळ्यांसमोर कबुली मागितली. मुलीने जीव दिला. पुढच्या वर्षी माओंच्या पत्नी ज्यांग छिंग यांच्या गटाने हे प्रकरण उचलून धरलं आणि शिक्षकांविरुद्ध देशभर मोहीम उघडली. शाळेच्या प्रमुखांवर आणि शिक्षकावर खटला झाला, आणि इतर कित्येक शाळांत परीक्षा घ्यायची कुणाची छाती होईना. पंधरा वर्षांच्या मुलीची उत्तरपत्रिका राजकारणाचं हत्यार झाली. उत्तरपत्रिका हाताळण्यात आयुष्य गेलेल्या मला ही घटना वाचून झाल्यावर बराच वेळ दुसरं काही वाचवलं नाही.

१९७७ च्या ऑगस्टमध्ये डेंग शियाओपिंग यांनी परीक्षा पुन्हा सुरू करायचं ठरवलं आणि त्याच हिवाळ्यात ती झाली. सुमारे ५७ लाख परीक्षार्थी, जागा मिळालेले जेमतेम २ लाख ७३ हजार. शेतावरून, कारखान्यांतून, दहा-दहा वर्षं पुस्तक न पाहिलेली माणसं आली होती. इंग्रजीचा पेपर फक्त परकी भाषाच शिकायला निघालेल्यांना होता. १९७८ मध्ये तो इतरांनाही दिला गेला, पण गुण बेरजेत धरले नाहीत, नुसते नोंदवून ठेवले.

यानंतर जे झालं त्यासाठी परीक्षा घेणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर वाटतो. १९७९ मध्ये नामांकित विद्यापीठांसाठी इंग्रजीच्या गुणांचे दहा टक्के बेरजेत आले. १९८० मध्ये तीस, मग पन्नास, मग सत्तर, आणि १९८३ मध्ये पुरे शंभर. कारण सरळ होतं. खेड्यापाड्यांत इंग्रजीचे शिक्षकच नव्हते. रशियन शिकवणाऱ्या कितीतरी शिक्षकांना घाईघाईने इंग्रजीकडे वळवलं होतं. जे शिकवलंच नाही त्याचे गुण कापायचे कसे? म्हणून वर्षाला एकेक पायरी. ज्या मुलाने आठवीत एबीसीडी गिरवायला घेतली त्याला बारावीपर्यंत वेळ मिळाला. परीक्षा बदलताना मुलांना सावरायला इतका अवधी दिल्याची उदाहरणं फार थोडी सापडतील.

याच वर्षांत कान मोकळे झाले. तरुण मंडळी व्हॉइस ऑफ अमेरिकाचे सावकाश बोललेले इंग्रजी कार्यक्रम उघडपणे ऐकू लागली. १९८२ मध्ये चीनच्या सरकारी दूरचित्रवाणीने बीबीसीची ‘फॉलो मी’ ही मालिका दाखवायला घेतली. प्राध्यापक हू वनचोंग आणि कॅथी फ्लॉवर ही इंग्रज तरुणी ती सादर करत. फ्लॉवर घराघरांत ओळखीच्या झाल्या. अनेकांनी आयुष्यात पहिल्यांदा इंग्रज माणसाला इंग्रजी बोलताना ऐकलं ते या मालिकेत.

परीक्षेत मात्र अजून शांतताच होती.

ग्वांगझौच्या परकीय भाषा संस्थेत ग्वे शिचुन हे भाषाशास्त्राचे प्राध्यापक होते. भाषेची परीक्षा हा अंदाजपंचे उरकायचा कारभार नाही, त्यामागे गणित आणि शास्त्र आहे, हे त्यांनी चीनमध्ये लावून धरलं. त्यांच्या सहकारी ली शियाओज्यू यांनी नवा प्रवेशपेपर बांधला आणि १९८५ मध्ये ग्वांगडोंग प्रांतात तो पहिल्यांदा वापरात आला. जुन्या पेपरांत व्याकरणाचे नियम, भाषांतर आणि पाठांतर असायचं. नव्यात उतारे वाचून अर्थ लावायचा, गाळलेल्या शब्दांचा परिच्छेद पुरा करायचा, पर्याय निवडायचा, आणि त्यासोबत थोडं लेखन. पर्यायांची उत्तरं यंत्राने तपासली जात. लाखो कागदांवर माणसागणिक गुण बदलण्याचा धोका त्यामुळे गेला. परीक्षा बदलली की वर्ग बदलेल, मुलं नियम घोकण्याऐवजी भाषा वापरायला लागतील, असा ली शियाओज्यू यांचा विश्वास होता. दशक संपता संपता ही पद्धत देशभर पसरू लागली.

पण ऐकण्याचं काय? त्या पेपरात एक छोटा भाग असे, उच्चारांचा. शब्दातलं एखादं अक्षर अधोरेखित करायचं आणि खालच्या चार शब्दांपैकी कुठल्यात त्याचा उच्चार तसाच होतो ते विचारायचं. ‘ब्रेड’मधला स्वर ‘हेड’सारखा की ‘टीच’सारखा, या जातीचं. कानाचं काम डोळ्यांकडून करून घ्यायचं. मूल हे कोष्टक पाठ करून पैकीच्या पैकी मिळवू शके आणि तरी त्याने ‘ब्रेड’ हा शब्द कुणाच्या तोंडून ऐकलेला नसे. पेपर बांधणाऱ्यांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. वाचनाच्या परीक्षेला कागद आणि पेन्सिल पुरते. श्रवणाच्या परीक्षेला वीज लागते, टेप लागते, सगळ्या खोल्यांत सारखा पोचणारा आवाज लागतो आणि बाहेर शांतता लागते. शिवाय त्याआधी तीन वर्षं वर्गात टेप वाजलेली असावी लागते. १९८५ च्या चीनमध्ये हे सगळं कुठून आणणार?

श्रवण गाओकाओत येऊ लागलं ते १९९९ पासून, आधी काही प्रांतांत, मग इतरत्र. एकशे पन्नासपैकी तीस गुण, वीस प्रश्न, वीसेक मिनिटं. पहिले पाच संवाद अगदी छोटे, आणि ते एकदाच ऐकवतात. पुढचे लांब असतात आणि दोनदा. आठ जूनच्या दुपारी तीनला इंग्रजीचा पेपर सुरू होतो, पण त्या दिवशी पावणेतीननंतर कुणालाही आत घेत नाहीत. आवाज सुरू असताना दार वाजलं तर एका मुलाच्या उशिराची किंमत तीस मुलं मोजतील. केंद्राच्या आसपास बांधकामं थांबतात, हॉर्न बंद होतात. दरवर्षी एक कोटीहून अधिक मुलं ज्या परीक्षेला बसतात, तिच्यासाठी इतकी काळजी मला मुळीच अतिरेकी वाटत नाही.

तरीही काही प्रांतांनी श्रवणाचे गुण वर्षानुवर्षं बेरजेत धरलेच नाहीत. परीक्षा घ्यायची, गुण फक्त नोंदवायचे, आणि लेखीच्या एकशे वीस गुणांना १.२५ ने गुणून एकशे पन्नास करायचे. डोंगरातल्या शाळेत शिक्षकाचाच उच्चार कच्चा, यंत्र असलं तर बिघडलेलं. शहरातली मुलं खासगी वर्गांना जाऊन परदेशी माणसांशी बोलणार. हा फरक परीक्षेने आणखी रुंद करायचा नाही, ही त्यामागची भूमिका. पण जे मोजलं जात नाही ते शिकवलंही जात नाही हे कुठल्याही शिक्षकाला विचारा. दयेपोटी ज्या मुलांचे तीस गुण वगळले, त्यांच्याच वर्गातून टेप पुन्हा कपाटात गेली. हा पेच कसा सोडवायचा याचं खात्रीचं उत्तर माझ्याकडे नाही. १९७९ च्या दहा टक्क्यांसारखा मार्ग कानासाठीही धरायला हवा होता, असं मात्र मला ठामपणे वाटतं.

वाचनाचं गाडंही सरळ चाललं नाही. ची लूशिया या ग्वांगझौच्याच संशोधक बाईंनी या शतकाच्या सुरुवातीला तपासलं, की ली शियाओज्यू यांनी अपेक्षिलेला बदल वर्गात झाला का. फार थोडा झाला, असं त्यांना आढळलं. परीक्षा जितकी निर्णायक, तितके शिक्षक गुण मिळवून देणाऱ्या नेमक्या सरावाकडे वळतात. साडेतीन हजार शब्दांची यादी, उताऱ्यामागून उतारे, आधी प्रश्न वाचून मग उताऱ्यात उत्तर हुडकायचं तंत्र. आपल्या बारावीच्या वर्गात मीही हेच होताना पाहिलेलं असल्यामुळे त्यांचं म्हणणं मला लगेच पटलं.

ग्वांगडोंगने २०११ मध्ये ऐकणं आणि बोलणं एकत्र करून संगणकावर नेलं. आमच्या शेजारची मुलगी तेव्हा बारावीत होती. संध्याकाळी जेवण उरकलं की माइक असलेला मोठा हेडफोन लावून ती संगणकापुढे बसायची. आधी पडद्यावर मिनिटभराची चित्रफीत आणि खाली तिचा मजकूर. निवेदकाच्या चालीवर, त्याच्याच वेगात, त्याच्या थांबण्यासह वाचायचं. मग काही प्रश्न विचारायचे, काहींची उत्तरं द्यायची. शेवटी एक गोष्ट ऐकून आपल्या शब्दांत सांगायची. तिचं पेन कागदावर भरभर चाले. नावं, आकडे, बाण, एखादं चिनी अक्षर. पहिल्या भागात ती सरस होती, आवाज थेट बीबीसीचा. गोष्टीपाशी मात्र अडायची. एका गोष्टीत कुत्रा हरवतो आणि पावसात परत येतो. तिला सगळं समजलं होतं, पण ‘परत आला’ म्हणण्याआधीच वेळ संपल्याची शिट्टी वाजली. तिने हेडफोन काढला आणि तेच वाक्य माझ्याकडे वळून सावकाश, बिनचूक इंग्रजीत म्हटलं. तिला भाषा येत होती. यंत्राच्या सेकंदांत ती मावत नव्हती.

सेकंदांचं आणि गुणांचं हे गणित किती नाजूक असतं ते २०१८ मध्ये झेजियांग प्रांतात दिसलं. तिथे इंग्रजीची परीक्षा वर्षातून दोनदा देता येते आणि दोहोंतला वरचा गुण धरतात. ताण हलका करायला ही सोय उत्तमच. पण मग दोन पेपरांची काठिण्यपातळी सारखी हवी. नोव्हेंबरचा पेपर अवघड गेला, तेव्हा अधिकाऱ्यांनी निकालाच्या वेळी वाचन आणि लेखनातल्या काही अवघड प्रश्नांचं वजन वाढवून गुण दिले. आधी कुणाला सांगितलं नव्हतं. उताऱ्याच्या एकाच प्रश्नाची किंमत पेपर झाल्यावर बदलली. पालक संतापले, प्रांताच्या गव्हर्नरच्या नेतृत्वाखाली चौकशी झाली, आणि पाच डिसेंबरला हा निर्णय चुकीचा होता असं जाहीर करून सगळ्यांचे मूळ गुण परत दिले. शिक्षण विभागाच्या प्रमुखाला पद सोडावं लागलं. दोन पेपर एका मापात कसे आणायचे याचा अभ्यास ग्वे शिचुन यांनी ग्वांगझौमध्ये बसून कितीतरी आधी केला होता. त्यांचं निधन २०१७ मध्ये झालं. पेपर झाल्यावर नव्हे तर आधी, प्रश्न पारखून घेऊन हे जमवायचं असतं, हे त्यांच्या शिष्यांना तरी विचारायला हवं होतं.

२०२१ पासून बीजिंगच्या मुलांना ऐकण्या-बोलण्याचे पन्नास गुण संगणकावर, दोन संधी देऊन मिळतात. शांघायलाही इंग्रजीच्या दोन संधी आहेत. बाकीच्या बहुतेक प्रांतांत आठ जूनची तीच एक दुपार असते, आणि पहिले पाच संवाद एकदाच ऐकवले जातात.