विटवाल्याचं नाव कुठाय?

दोस्तहो, परळला टाटा हॉस्पिटलच्या फुटपाथवर एकदा जाऊन या. १९४१ साली हे इस्पितळ सुरू झालं. गावोगावचे पेशंट तिथं नाकात नळी, तोंडावर फडकं धरून बसलेले दिसतात. तंबाखूनं गाल, जबडा खाल्लेला. कॅन्सर कापून काढला की भगदाड उरतं. ते कुठल्या मांसानं बुजवायचं? या सवालाला इतिहास आहे.

शल्यविद्या म्हटली की सुश्रुताचं नाव घेतलं जातं. घेऊ देत. पण युरोपला हा धडा मिळाला तो पुण्याजवळच्या एका माणसाकडून. इंग्रजी फौजेतला बैलवाला कावसजी टिपूच्या कैदेत सापडला. त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभर बिननाकाचा हिंडल्यावर त्याला नाक बसवून दिलं ते विटा पाडणाऱ्या जातीतल्या माणसानं. मेणाचा पातळ पत्रा थोटक्या नाकावर बसवून माप घेतलं, ते कपाळावर मांडलं, तेवढं कातडं सोडवून खाली वळवलं. दोन भुवयांमधली पट्टी मात्र तोडली नाही, कारण रक्त तिच्यातून येत होतं. सांध्यावर काताच्या पट्ट्या. तोच कात, जो पानात पडतो! पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास पट्टी कापायची. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’नं हे छापलं. कावसजीचं नाव छापलं, चित्रही छापलं. विटवाल्याची फक्त जात छापली.

तत्त्व आजही तेच: मांस हलवा, पण त्याचं रक्त तोडू नका. १९६५ साली बाकामजियननं छातीचं कातडं वापरलं, १९७९ साली एरियननं छातीचा मोठा स्नायू कातड्यासकट मानेखालून तोंडात नेला. एकाच ऑपरेशनात काम, सूक्ष्मदर्शक नको. म्हणून आपल्याकडच्या गर्दीच्या इस्पितळांत तोच जास्त चालला. जिभेला मनगटाजवळचं पातळ कातडं बरं, जबड्याला पोटरीचं बारकं हाड. पण ते पुरतं तोडून मानेतल्या रक्तवाहिन्यांना टाके घालून जोडायचं, म्हंजे तासन्‌तास थिएटर अडणार. त्याआधी बघायचं की मनगटाची एक नाडी गेली तर दुसरी हाताला पुरेल का. आणि पेशंटचा कामाचा हात कुठला.

हा शेवटचा सवाल मला पोथ्यांपेक्षा मोठा वाटतो. माझा मामा लालबागला राहायचा, दाणाबंदरात पोती उचलायचा. १९८६ साली एका इस्पितळात त्याच्या गालाला छातीचा स्नायू लावला. त्याचं नाव घेत नाही. त्यांनी जीव वाचवला. पण तू काय काम करतोस, हे कुणी विचारलं नाही. गालाच्या आत छातीचे केस उगवायचे, मामा त्यावर हसायचा. उजवा खांदा मात्र पोत्याखाली टिकेना. मग तो गेटवर बसून दुसऱ्यांची पोती मोजू लागला, निम्म्या पगारावर.