तारेच्या पलीकडे कोण जागं आहे?

तुमचा हात एका लोखंडी पेटीतल्या हँडलवर आहे. समोर कूपर स्ट्रीटचं चर्च आहे आणि वाऱ्यावर जळण्याचा वास. शहर बॉस्टन, तारीख २९ एप्रिल १८५२, रात्रीचे ८ वाजून २५ मिनिटं झालेली. ही पेटी कालच सुरू झाली. कालपर्यंत आग दिसली की ओरडत सुटायचं, कुणीतरी चर्चची घंटा बडवायची आणि बंबवाल्यांनी आवाजाचा अदमास घेत गल्ल्या धुंडाळायच्या, अशी रीत होती. आता फक्त हँडल फिरवायचं. तुम्ही फिरवता, तेही घाईघाईने. आग डोळ्यांसमोर असताना सावकाश कोण फिरवेल?

हँडल फिरलं की पेटीचा क्रमांक टिंबं आणि रेघा होऊन तारेवरून कोर्ट स्क्वेअरमधल्या कचेरीत जातो. तिथल्या माणसाने तो वाचायचा आणि शहरभरच्या घंटा विजेने वाजवून आग कुठल्या भागात आहे ते कळवायचं, अशी ही योजना. पण तुमच्या वेगामुळे टिंबं आणि रेघा एकमेकांत मिसळल्या आहेत. पलीकडच्या माणसाला काही म्हणजे काही उमगत नाही. शेवटी तुम्ही हँडल सोडता आणि कोर्ट स्क्वेअरच्या दिशेने पळत सुटता. एका अख्ख्या शहरासाठी उभारलेल्या पहिल्या विद्युत अग्निसूचना यंत्रणेची पहिली वर्दी अशी पायांनी पोचते.

ही यंत्रणा दोघांच्या डोक्यातून आली. विल्यम चॅनिंग हे शिकलेले डॉक्टर, मोझेस फार्मर हे तारायंत्राचे जाणकार. चॅनिंगना शहराकडे पाहताना माणसाचं शरीर दिसायचं. कातडीला चटका बसला की मज्जातंतू मेंदूला कळवतो आणि मेंदू हाताला हलवतो. शहरातही अशाच तारा हव्यात, कळवणाऱ्या वेगळ्या आणि हलवणाऱ्या वेगळ्या, असं ते मांडत. मला त्यांच्या या मांडणीतलं मधलं स्थान सर्वांत मोलाचं वाटतं. पेटी आणि घंटा यांच्या मध्ये त्यांनी एक माणूस बसवला. चटका खरा आहे का, कुठे आहे, कुणाला पाठवायचं, हे ठरवणारा. आजच्या सुरक्षा यंत्रणांना आपण ‘मॉनिटर्ड’ म्हणतो ते या मधल्या माणसामुळे. तो नसेल तर उरतो नुसता भोंगा.

आता वीस वर्षं पुढे या. शनिवार, ९ नोव्हेंबर १८७२, संध्याकाळचे सात वाजून गेलेत. तुम्ही समर स्ट्रीटवर उभे आहात. दोन्ही बाजूंना दगडी वखारी आहेत. भिंती ग्रॅनाइटच्या, पण माथ्यावर उतरती लाकडी छपरं. आत कापड, लोकर, कातडी यांच्या राशी. एका वखारीच्या तळघरात पेटलेली आग सामान वर चढवायच्या पोकळीतून थेट छपरापर्यंत गेली आहे. रस्त्यावर गर्दी जमली आहे. नदीपलीकडे चार्ल्सटाउनमध्येही ज्वाळा दिसताहेत. आणि जवळच पेटी क्रमांक ५२ आहे.

तुम्ही धावत तिच्यापाशी जाता. पेटीला कुलूप आहे.

हे कुलूप कुणा वेंधळ्या कारकुनाने लावलेलं नाही. खोट्या वर्द्या येतात, टवाळ पोरं उगाच हँडल फिरवतात, बंब नाहक पळतात, म्हणून विचार करून पेट्यांना कुलपं घातली. किल्ल्या पोलिसांकडे आणि आसपासच्या काही मोजक्या विश्वासू रहिवाशांकडे. गर्दीतल्या प्रत्येकाला वाटतं की इतकी मोठी आग, वर्दी कुणीतरी दिलीच असेल. गस्तीवरचा पोलीस येऊन पेटी उघडतो तेव्हा घड्याळात ७ वाजून २४ मिनिटं झालेली असतात. कोर्ट स्क्वेअरमधल्या माणसाला शहरात आग लागल्याचं तेव्हा कळतं. रस्त्यावरच्या बघ्यांना ते केव्हाच ठाऊक झालं होतं.

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगतो. त्या हंगामात घोड्यांना फ्लूची साथ होती, त्यामुळे बंब माणसांना ओढावे लागले. पाण्याचे नळ अरुंद होते. अग्निशमन दलाचे प्रमुख जॉन डॅमरेल त्याबद्दल आधीपासून कानीकपाळी ओरडत होते. सुमारे ६५ एकरांचा व्यापारी भाग आणि ७७६ इमारती जळाल्या. सगळा दोष कुलपावर टाकणं अन्यायाचं होईल. पण अरुंद नळ एका रात्रीत बदलता येत नाहीत, कुलूप मात्र आधीच्या दुपारीसुद्धा काढता आलं असतं. म्हणून मला ते जास्त छळतं.

मुंबईकराला इथे १४ एप्रिल १९४४ आठवल्यावाचून राहणार नाही. कापूस आणि दारूगोळा एकाच पोटात घेऊन व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजातून धूर निघताना काही जणांना आधीच दिसला होता. वर्दी मात्र वेळेवर निघाली नाही. दुपारी ४ वाजून ६ मिनिटांनी जहाज फुटलं. अग्निशमन दलाचे ६६ जवान त्यात गेले. भायखळ्याला त्यांचं स्मारक आहे. जमलं तर जाऊन या.

परत बॉस्टनला या. आता मे १८७७ आहे, आणि तुम्ही ३४२, वॉशिंग्टन स्ट्रीटवरच्या एडविन होम्स यांच्या कचेरीत रात्रपाळीला बसला आहात. मालकाने ऑगस्टस पोप नावाच्या गृहस्थाकडून चोरसूचक घंटेचे हक्क विकत घेतलेले आहेत. पोपचं पेटंट १८५३ चं. रचना साधी आहे. दार किंवा खिडकी उघडली की स्प्रिंग सुटते, वीजमंडल पूर्ण होतं, लोहचुंबक जागा होतो आणि हातोडी घंटेवर पडते. चोराने दार पुन्हा लावलं तरी घंटा थांबत नाही. यातला कच्चा दुवा तुम्हीही ओळखाल. तार आधीच कापली तर? म्हणून पुढे उलटी रचना रूढ झाली. वीज सतत वाहती ठेवायची आणि ती थांबली की घंटा. मग दार उघडा नाहीतर तार कापा, कचेरीत कळतंच. गप्प बसलेल्या तारेलाही ‘सगळं ठीक आहे’ हे सतत सांगत राहावं लागतं. आजच्या यंत्रणाही असंच करतात. दुकानातलं पॅनेल ठरावीक वेळाने केंद्राला आपण चालू असल्याची खूण पाठवतं आणि ती चुकली की केंद्रातला माणूस फोन उचलतो.

होम्स यांनी केलेला खरा बदल जागेचा आहे. घंटा दारावर वाजली तर चोर पळेल किंवा पळणारही नाही, शेजारी उठतील किंवा कूस बदलून झोपतील. होम्स यांनी बँकांच्या तारा एका खोलीत आणल्या आणि त्या खोलीत पगारी माणूस जागा ठेवला. आज रात्री तो माणूस तुम्ही. खूण झाली की कुठल्या बँकेची तार ते पाहायचं आणि माणूस धाडायचा.

सकाळ झाली की पाळी बदलते. बँका उघडतात, तारा दिवसभर नुसत्या पडून राहतात. या मे महिन्यात मात्र त्यांना दिवसाचंही काम मिळालं आहे. जवळच कोर्ट स्ट्रीटवर चार्ल्स विल्यम्स यांच्या कारखान्यात अलेक्झांडर ग्रॅहम बेल आणि त्यांचे मदतनीस वॉटसन यांनी बोलणाऱ्या तारेवर खटपट केली होती. त्यांची यंत्रं होम्सच्या तारांना जोडून एका बँकेतून दुसरीशी बोलता येऊ लागलं आहे. दिवसा संभाषण, रात्री पहारा. दूरध्वनीचं पहिलंवहिलं एक्स्चेंज चोरघंटेच्या तारांवर चाललं, हे मला पहिल्यांदा वाचलं तेव्हा फार आवडलं होतं आणि अजूनही आवडतं.

याच काळात अमेरिकन डिस्ट्रिक्ट टेलिग्राफसारख्या कंपन्यांनी आणखी एक सेवा उभी केली. तिची आठवण पुढच्या मुक्कामासाठी जवळ ठेवा. कारखान्यातल्या रखवालदाराने रात्रीच्या फेरीत ठरलेल्या पेट्यांत ठरलेल्या वेळी किल्ली फिरवायची. खूण केंद्रात पोचते. एखादी खूण चुकली की केंद्रातून माणूस निघतो. रखवालदाराला झोप लागली असेल, जिन्यावरून पडला असेल किंवा कुणी बांधून ठेवला असेल. कारण नंतर कळेल, माणूस आधी निघतो.

१८ मार्च १९९०, रविवार उजाडायचा आहे. आदल्या दिवशी सेंट पॅट्रिक डे झाला, रस्त्यात अजून उशिरापर्यंत रेंगाळलेली तरुण मंडळी आहेत. तुम्ही बॉस्टनमधल्याच इझाबेला स्टुअर्ट गार्डनर संग्रहालयात पहारेकऱ्यांच्या टेबलामागे उभे आहात. कुणाला दिसत नाही, काही करू शकत नाही. समोर कॅमेऱ्यांचे पडदे. दालनादालनांत हालचाल टिपणारे सेन्सर. टेबलापाशी धोक्याचं एक बटण. बाहेरच्या जगाला हाक घालायचा तेवढाच एक मार्ग.

१ वाजून २४ मिनिटांनी बाजूच्या दाराची घंटा वाजते. पोलिसांच्या गणवेशात दोघं. आवारात गडबड असल्याची तक्रार आहे, म्हणतात. टेबलावरचा पहारेकरी दार उघडतो. त्याच्यावर वॉरंट आहे असं सांगून ते त्याला टेबलामागून बाहेर यायला लावतात. त्या दोन-चार पावलांत बटण दूर गेलं. थोड्याच वेळात दोन्ही पहारेकरी तळघरात, बेड्या घातलेले, तोंडाला टेप.

आता पाहा, यंत्रणा किती मन लावून काम करते आहे. चोर कुठल्या दालनात गेले, किती वाजता, तिथून कुठे वळले, सेन्सर प्रत्येक पाऊल संगणकाला कळवतात. डच दालनात ते १ वाजून ४८ मिनिटांनी शिरतात. एका चित्राच्या फार जवळ गेल्यामुळे तिथली सूचना कर्कश वाजू लागते, ते ती फोडून टाकतात. रेम्ब्रांटचं गॅलिलीच्या वादळाचं चित्र, त्याने रंगवलेलं एकमेव सागरदृश्य, चौकटीतून कापून काढतात. व्हर्मीरचं ‘द कॉन्सर्ट’ जातं. माने जातो, देगाची रेखाटनं जातात. एकूण १३ वस्तू. जाताना ते चित्रफीत आणि सेन्सरच्या नोंदींचा छापील कागदही घेतात, पण संगणकाच्या पोटातली नोंद तशीच राहते. म्हणून तर आज त्यांची वाट दालनागणिक आपल्याला ठाऊक आहे. सारा प्रकार ८१ मिनिटं चालला. पोलीस पोचले सकाळी सव्वाआठच्या सुमारास.

इथे थोडं थांबा, कारण मला सांगायचं आहे ते इथेच आहे. त्या इमारतीत सेन्सर होते, कॅमेरे होते, माणसं होती. त्या नोंदी इमारतीबाहेर कुणी वाचत नव्हतं. एखाद्या केंद्रात कुणी पाहत असता तर रात्री पावणेदोनच्या सुमारास डच दालनात हालचाल दिसताच त्याने टेबलावर फोन केला असता, आणि तो कुणी उचलला नसता तेवढंच पुरेसं होतं. शंभर वर्षांपूर्वीची किल्ली फिरवायची पेटी असती, तरी चुकलेली पहिली फेरी कुणालातरी जाणवली असती. ‘तुम्ही आत्ता माणसं पाठवली आहेत का?’ असं पोलीस ठाण्याला विचारायची सोय आणि शिस्त असती, तर दारच उघडलं नसतं.

आणि संग्रहालयातून बाहेर पडून फेनवे रस्त्याने साधारण पाव तास चाललात तर ५९ क्रमांकाची एक इमारत लागते. बॉस्टनच्या अग्निशमन दलाचं सूचना केंद्र, १९२५ पासून तिथेच. त्या ८१ मिनिटांतही तिथे माणसं जागी होती आणि शहरभरच्या पेट्यांच्या तारा त्यांच्यापुढे होत्या. १८५२ साली रुजवलेली व्यवस्था एका टोकाला चोख चालू होती. त्याच रस्त्यावरच्या दुसऱ्या इमारतीतल्या तारा दालनं ते टेबल एवढ्याच धावत होत्या.

आता आजच्या रात्री. बॉस्टनच्या रस्त्यांवर त्या पेट्या अजून आहेत, आणि कुलपाविना. मोबाइल नेटवर्क कोलमडलं तरी त्या चालतात. खोट्या वर्द्यांचा प्रश्न मात्र गेलेला नाही, तो चोरसूचक यंत्रणांकडे सरकला आहे. पोलिसांकडे जाणाऱ्या अशा सूचनांतल्या बहुतेक खोट्या निघतात. वाऱ्याने हललेलं शटर, मांजर, सफाईवाल्याने चुकीचा टाकलेला कोड. कंटाळून अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीने २००० साली ठरवलं की रखवालदाराने किंवा कॅमेऱ्याने खात्री केल्याशिवाय घरफोडीच्या नुसत्या सूचनेवर पोलीस जाणार नाहीत. धोरण समजण्याजोगं आहे. पण मला त्यात समर स्ट्रीटवरच्या कुलपाची किल्ली दिसते, आणि ती आता केंद्रातल्या माणसाच्या हातात आहे. त्याने कॅमेरा उघडून पाहावं, स्पीकरवरून दरडावावं, मालकाला फोन लावावा आणि मगच ठाण्याला कळवावं. हे तो नव्वद सेकंदांत करतो की नऊ मिनिटांत, यावर सारं अवलंबून.

आपल्याकडची रखवालदार नसलेली कित्येक एटीएम अशीच दूरच्या केंद्रातून पाहिली जातात. हेल्मेट घालून आत रेंगाळणाऱ्याला छतातून आवाज येतो आणि तो दचकतो. दुसरीकडे, लॉकरच्या खोलीचं चित्रण किमान १८० दिवस ठेवा, असं रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये बँकांना सांगितलं. नियम चांगला आहे, तपासाला लागतोच. पण साठवलेलं चित्रण उद्या सकाळसाठी असतं. गार्डनरच्या संगणकातही नोंद साठवलेलीच होती.

तुमचं दुकान असेल, शाळेच्या किंवा दवाखान्याच्या विश्वस्त मंडळावर तुम्ही असाल, तर या आठवड्यात एक करा. सूचना केंद्राच्या वरिष्ठाला आधी कळवा, रात्रपाळीच्या माणसाला नको. मध्यरात्रीनंतर स्वतः जा, यंत्रणा बंद न करता मागचं दार उघडा आणि घड्याळ लावून उभे राहा. फोन किती मिनिटांत येतो ते मोजा. फोन करणारा तुमच्याकडे परवलीचा शब्द मागतो की तुमच्या ‘हो हो, मीच आहे’वर समाधान मानतो, ते ऐका. तुम्ही उचलला नाहीत तर दुसरा क्रमांक कुणाचा आहे, तो नोकरी सोडून गेलेल्या मॅनेजरचा तर नाही ना, हे विचारा. मग इंटरनेटची वायर काढून ठेवा आणि केंद्राला ती काढल्याचं कधी कळतं तेही बघा. सगळं लिहून ठेवा, आणि तो कागद घेऊन कंत्राटाच्या पुढच्या बैठकीला बसा.