‘चेसापीक’वरचा सोमवार

२२ जून १८०७, सकाळी सव्वासात. अमेरिकी नौदलाच्या ‘चेसापीक’ने व्हर्जिनियातल्या हॅम्प्टन रोड्सहून नांगर उचलला. जायचं होतं भूमध्य समुद्रात आणि निघायला आधीच उशीर झाला होता. तोफांच्या मजल्यावर दोरखंड आणि प्रवाशांचं सामानसुमान अस्ताव्यस्त पडलं होतं. बाकीची तयारी वाटेत करू, असा कमोडोर जेम्स बॅरन यांचा हिशेब होता.

नऊच्या सुमारास लिनहेवनच्या उपसागरात नांगरलेली ब्रिटिश लढाऊ जहाजं मागे पडली. त्यांच्यातलं पन्नास तोफांचं ‘लेपर्ड’ मात्र निघून पुढे खुल्या समुद्रात गेलं. बॅरन यांना त्यात वावगं वाटलं नाही.

वाटायला हवं होतं. नेपोलियनशी झुंजणाऱ्या ब्रिटनला खलाशांची टंचाई होती. तुटपुंज्या पगाराला आणि फटक्यांना कंटाळून त्यांचे खलाशी पळत आणि अमेरिकी जहाजांवर नाव नोंदवत. मग ब्रिटिश अधिकारी भर समुद्रात अमेरिकी व्यापारी जहाजं अडवून माणसं ओढून नेत. त्यांत हजारो अस्सल अमेरिकी होते. आता हॅलिफॅक्सहून ब्रिटिश अ‍ॅडमिरल बर्कली यांचा हुकूम सुटला होता: ‘चेसापीक’ गाठा आणि पळालेल्या खलाशांसाठी झडती घ्या. व्यापारी गलबत अडवणं वेगळं आणि दुसऱ्या देशाच्या लढाऊ जहाजाची झडती मागणं वेगळं. हा सरळसरळ त्या देशाचा अपमान होता.

दुपारी साडेतीनच्या सुमारास ‘लेपर्ड’ जवळ आलं. लेफ्टनंट मीड होडीतून पत्र घेऊन आले. सुमारे पाऊण तास गेला. अशी कुणी माणसं आपल्याला ठाऊक नाहीत आणि झडती मिळणार नाही, असं बॅरन यांनी लिहून दिलं.

साडेचारच्या सुमारास ‘लेपर्ड’चे कॅप्टन हम्फ्रीज यांनी कर्ण्यातून इशारा दिला. ऐकू येत नाही, असं बॅरन यांनी ओरडून सांगितलं. मग तोफा धडाडल्या. ‘चेसापीक’वर दारूची शिंगं भरलेली नव्हती, बत्ती पेटलेली नव्हती. पंधरा मिनिटं ते जहाज नुसता मार खात राहिलं. तिघे जागीच ठार, अठरा जखमी. निशाण उतरत असताना लेफ्टनंट विल्यम अ‍ॅलन यांनी भटारखान्यातला निखारा आणून एकाच तोफेला बत्ती दिली.

संध्याकाळी ब्रिटिशांनी चौघांना नेलं. जेन्किन रॅटफर्ड कोळशाच्या कोठीत लपलेला सापडला. चौघांत ब्रिटिश तो एकटाच. ३१ ऑगस्टला हॅलिफॅक्समध्ये त्याला फाशी दिलं. वेअर, मार्टिन आणि स्ट्रॅकन हे तिघे अमेरिकी होते.

देश पेटला होता, पण राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांनी युद्ध टाळलं. अमेरिकी व्यापारावर निर्बंध घालणाऱ्या ब्रिटन-फ्रान्सला वठणीवर आणायला डिसेंबरात त्यांनी आपलीच बंदरं बंद केली. १८०७ ची १०.८ कोटी डॉलरची निर्यात वर्षभरात २.२ कोटींवर आली. कंबरडं मोडलं ते न्यू इंग्लंडच्या खलाशांचं आणि व्यापाऱ्यांचं. हा उपाय चुकीचाच होता. ब्रिटनने ना व्यापारावरचे निर्बंध तेव्हा सोडले, ना माणसं पकडणं.

अखेर १८१२ च्या जूनमध्ये प्रतिनिधीगृहात ७९ विरुद्ध ४९, सिनेटमध्ये १९ विरुद्ध १३ अशा मतांनी ब्रिटनविरुद्ध युद्धाचा ठराव झाला. १८ जूनला राष्ट्राध्यक्ष मॅडिसन यांनी युद्धाच्या घोषणेवर सही केली.

मार्टिन आणि स्ट्रॅकन यांना ब्रिटनने परत केलं ते जुलैत, बोस्टनला, ‘चेसापीक’च्याच डेकवर. वेअर हॅलिफॅक्सच्या रुग्णालयात आधीच वारला होता. युद्ध पुकारून तेव्हा तीन आठवडे उलटले होते.