भर्तृहरीची गुंफा आणि हिप्पी

उज्जयिनीस क्षिप्रातीरी भर्तृहरीची गुंफा आहे. राणीच्या प्रतारणेने विटलेल्या राजाने धाकट्या भावास, विक्रमास, राज्य देऊन वैराग्याची वाट धरली, ही कथा इतिहासाच्या कसोटीस उतरत नाही. तरी ती गुंफा आजही नाथपंथीयांची आहे, आणि वामन पंडितांनी भर्तृहरीची शतके मराठीत आणल्यापासून हा विरागी राजा आपल्या घरचाच झाला आहे. घरदार टाकणाऱ्या राजास जे आपण वंदन करतो, तेच घरदार टाकणाऱ्या हिप्प्यांची हेटाळणी का करतो?

गोमंतकीय वाचकांस हिप्पी म्हटले की हणजुण्याचा किनारा आठवेल. परंतु ही चळवळ बहरली सॅन फ्रान्सिस्कोच्या हेट-ॲशबरी वस्तीत. १९६७ च्या उन्हाळ्यात तेथे हजारो तरुण लोटले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तेथल्याच काही मंडळींनी 'हिप्पी मेला' म्हणून त्याची प्रेतयात्राही काढली! व्हिएतनामच्या युद्धासाठी तेव्हा अमेरिकेत सक्तीची लष्करभरती चालू होती. ती नाकारणाऱ्यास तुरुंग तरी पत्करावा लागे किंवा कॅनडा तरी गाठावा लागे. सुखवस्तू घरची ही मुले केवळ चैनीसाठी बाहेर पडली, हा आक्षेप म्हणूनच अर्धामुर्धाच खरा आहे. इस्तंबूल, काबूल करीत ती खुष्कीच्या मार्गाने हिंदुस्थानात आली. इराणातील क्रांती व अफगाणिस्तानावरील रशियन आक्रमण यांमुळे १९७९ साली तो मार्ग तुटला.

व्यसनाचा आक्षेप घेताना आपण जरा जपून बोलावे. हिप्प्यांच्या हाती दिसलेली चिलीम साधूंच्या धुनीपाशी फार पूर्वीपासून फिरत आलेली आहे. १९८५ च्या कायद्याने चरस व गांजा निषिद्ध ठरविले. भांगेची पाने त्या व्याख्येबाहेर राहिली, आणि महाकालाच्या शृंगारात भांग आजही असते.

खरा भेद माझ्या मते निराळा आहे, आणि तो वकिलास चटकन दिसतो. संन्यास घेणारा स्वतःचे श्राद्ध स्वतः घालतो. हिंदू विधिशास्त्रात हा व्यावहारिक मृत्यूच होय. पूर्वाश्रमीच्या मिळकतीवरील त्याचा हक्क त्यासरशी संपतो. न्यायालये येथे कठोर आहेत: भगवी वस्त्रे नेसणे पुरेसे नाही, विधी झाल्याचे सिद्ध करावे लागते. हिप्पी घर सोडी, परंतु वारसा सोडीत नसे. बापाचे दार त्यास उघडे राही. शिवाय संन्याशास गुरू, आखाडा आणि पंचांची शिस्त असते. हिप्प्यास संस्था म्हणून काही नकोच होते, आणि त्यामुळेच त्यांच्या बहुतेक वसाहती लवकर मोडल्या.

ज्या महाकालाच्या नगरीत सिंहस्थासाठी हे आखाडे जमतात, तेथील मंदिराचा जीर्णोद्धार अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी केला. ते आपल्या सारस्वतांपैकीच. आखाड्यांनी परक्यास दार लावले होते असेही नाही. १९६९ साली हिंदुस्थानात आलेल्या एका अमेरिकन तरुणास पुढल्याच वर्षी जुना आखाड्यात दीक्षा मिळाली. रामपुरी बाबा या नावाने तो साधूंच्या पंक्तीत बसला. त्याच्या पिढीचे बहुतेक प्रवासी मात्र पुढे परतीच्या वाटेस लागले.