छप्पन अंशांचं नागपूर आणि पासष्ट मिलिमीटरचं लोहारा

३० मे २०२४ ला नागपूरच्या रामदासपेठेतल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं ५६ अंश सेल्सिअस तापमान दाखवलं. जगाचा मान्य विक्रम ५६.७ अंशांचा आहे, अमेरिकेतल्या डेथ व्हॅलीचा, १० जुलै १९१३ चा. म्हणजे त्या दुपारी नागपूर जागतिक विक्रमापासून एक अंशसुद्धा दूर नव्हतं! आकडा मोबाईलवर फिरला, बातम्या झाल्या. पण भारताच्या विक्रमांच्या यादीत नागपूर आलं नाही. तिथं राजस्थानातलं फलोदीच राहिलं: १९ मे २०१६, ५१.० अंश.

असं का? यंत्रानं दाखवलेला आकडा आणि मान्य झालेली नोंद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत म्हणून. शहरातली नीट चालणारी केंद्रं त्या दिवशी ४४ अंशांच्या आसपास होती. एकाच शहरात बारा अंशांचा फरक हवेत पडत नाही, तो यंत्रात पडतो. तुम्ही संशोधनाच्या तयारीत असाल आणि पुढेमागे हवामानाची आकडेवारी वापरणार असाल, तर आकड्याची नोंद कशी होते हे एकदा नीट समजून घ्या. मी हे सगळं धाराशिव जिल्ह्यातल्या लोहारा तालुक्यापर्यंत आणणार आहे. कारण विक्रम दिल्लीत किंवा नागपुरात होतात, पण आकडा एक मिलिमीटरनं चुकला तर त्याची किंमत लोहाऱ्यासारख्या ठिकाणी मोजावी लागते.

एकसारखं मोजणं: सगळ्याची सुरुवात

भारतात हवामान मोजणं १८७५ च्या आधीही चालू होतं. मुंबईची कुलाबा वेधशाळा १८२६ ची. पण जो तो आपापल्या पद्धतीनं मोजायचा. १८६४ मध्ये कलकत्त्यावर मोठं चक्रीवादळ आलं, पुढे १८६६ आणि १८७१ मध्ये पावसानं दगा दिला. मग १८७५ मध्ये भारतीय हवामान विभाग स्थापन झाला आणि हेन्री ब्लॅनफोर्ड त्याचे पहिले प्रमुख झाले. मुख्यालय कलकत्त्याहून सिमल्याला, १९२८ मध्ये पुण्याला आणि १९४४ मध्ये दिल्लीला गेलं. पुण्यात शिवाजीनगरच्या त्या इमारतीला लोक अजूनही ‘सिमला ऑफिस’ म्हणतात, आणि देशाच्या हवामान नोंदींचं राष्ट्रीय केंद्र आजही पुण्यातच आहे.

विभाग स्थापन होण्याचा खरा फायदा काय झाला? मोजण्याची पद्धत एक झाली. तापमापी उन्हात ठेवायचा नाही. तो पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर ठेवायचा. पर्जन्यमापकाचं तोंड जमिनीपासून ३० सेंटिमीटरवर हवं. जवळ झाड किंवा भिंत असेल तर तिच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतर सोडायचं. पाऊस सकाळी साडेआठला मोजायचा, रोज, देशभर एकाच वेळी.

हे साडेआठ नीट लक्षात ठेवा. २६ जुलै २००५ ला मुंबई बुडाली हे सगळ्यांना माहीत आहे. सांताक्रूझला २४ तासांत ९४४.२ मिमी पाऊस झाला. पण हा आकडा दैनंदिन नोंदीत शोधायचा तर २७ जुलैच्या ओळीत बघावं लागतं, कारण मोजणी २७ तारखेला सकाळी साडेआठला झाली. तारखेचा हा एक दिवस ध्यानात न घेता पाऊस आणि पूर, किंवा पाऊस आणि दवाखान्यातले रुग्ण यांची सांगड घातली, तर सगळं गणित एका दिवसानं सरकतं.

आणि त्याच दिवशी कुलाब्याला किती पाऊस होता? ७३.४ मिमी. एकच शहर, एकच दिवस! ‘मुंबईत ९४४ मिमी पाऊस झाला’ हे वाक्य म्हणूनच अर्धवट आहे. नोंद शहराची किंवा तालुक्याची नसते, ती एका ठिकाणी ठेवलेल्या एका यंत्राची असते.

पडताळणी: आकड्याची उलटतपासणी

नागपूरच्या आदल्याच दिवशी, २९ मे २०२४ ला, दिल्लीतल्या मुंगेशपूरच्या स्वयंचलित केंद्रानं ५२.९ अंश दाखवले. खरं ठरलं असतं तर फलोदीचा विक्रम मोडला असता. हवामान विभागानं तिथं पथक पाठवलं, प्रमाणित यंत्र शेजारी ठेवून तुलना केली. मुंगेशपूरचा संवेदक सुमारे ३ अंश जास्त दाखवत होता. विषय संपला.

या तपासणीत तीन प्रश्न विचारले जातात. यंत्र बरोबर आहे का? यंत्राची जागा बरोबर आहे का? शेजारची केंद्रं काय म्हणतात? जुन्या नोंदी असतील तर चौथा प्रश्न येतो: लिहिणाऱ्यानं बरोबर लिहिलं का?

या चौथ्या प्रश्नाचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण लिबियातलं. अल अझीझिया इथं १३ सप्टेंबर १९२२ ला ५८ अंशांची नोंद झाली आणि ती जगाचा विक्रम म्हणून पाठ्यपुस्तकांत बसली. जागतिक हवामान संघटनेच्या समितीनं मूळ नोंदवही तपासली. तापमापी त्या कामासाठी योग्य नव्हता, निरीक्षक नवखा होता, आजूबाजूच्या केंद्रांशी आकडा जुळत नव्हता, आणि त्याच जागेच्या नंतरच्या नोंदींशीही जुळत नव्हता. १३ सप्टेंबर २०१२ ला, बरोबर नव्वद वर्षांनी, तो विक्रम रद्द झाला.

उलटंही होतं. चेरापुंजीला १५ आणि १६ जून १९९५ या दोन दिवसांत २,४९३ मिमी पाऊस झाला. ४८ तासांचा तोवरचा विक्रम हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावरचा, १९५८ चा, २,४६७ मिमीचा. चेरापुंजीची नोंद तेव्हापासून कागदावर होती, पण जागतिक विक्रम म्हणून शिक्का बसायला जवळपास दोन दशकं गेली. कागद जपून ठेवले होते म्हणून तो बसला. नोंदवही गेली असती, तर पाऊस पडूनही पडला नाही असंच झालं असतं.

नोंद ताजी ठेवणं म्हणजे काय?

विक्रम मोडला की यादी बदलायची, एवढंच काम नसतं. ‘सरासरी’सुद्धा बदलत असते. बातम्यांत आपण ऐकतो, ‘यंदा सरासरीच्या ९६ टक्के पाऊस’. ही सरासरी कुठली? १९५१ ते २००० या काळावर आधारित देशाची मोसमी सरासरी ८९ सेंटिमीटर होती. १९६१ ते २०१० घेतल्यावर ती ८८ झाली. २०२२ पासून विभाग १९७१ ते २०२० ची ८७ सेंटिमीटर सरासरी वापरतो. म्हणजे तेवढाच पाऊस जुन्या मोजपट्टीवर थोडा ‘कमी’ ठरतो आणि नव्या मोजपट्टीवर थोडा ‘जास्त’. तुमच्या प्रबंधात ‘सरासरीपेक्षा कमी’ असं लिहिलंत, तर कोणत्या वर्षांची सरासरी हे त्याच वाक्यात लिहा. परीक्षक विचारणारच.

आता लोहारा

समजा, तुमचा विषय आहे ‘लोहारा तालुक्यातल्या पावसाचे शंभर वर्षांतले बदल’. ऐकायला सोपा वाटतो. आता अडचणी मोजू.

पहिली अडचण: शंभर वर्षांपूर्वी लोहारा तालुका नव्हताच. १९९१ च्या जनगणनेतसुद्धा नाही. २००१ च्या जनगणनेत तो दिसतो. लोहारा गाव जुनं, पण तालुका नवा. आपल्याकडे पाऊस मोजायची जुनी रीत तालुक्याच्या ठिकाणी मोजायची. त्यामुळे आधीच्या काळासाठी उमरगा, तुळजापूर, औसा अशा शेजाऱ्यांच्या नोंदींवर विसंबावं लागतं.

दुसरी अडचण: कागद कुणाच्या राज्यातले? हा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या संस्थानात होता, मग हैदराबाद राज्यात, १९५६ नंतर द्विभाषिक मुंबई राज्यात, १९६० पासून महाराष्ट्रात. जिल्ह्याचं नावही २०२३ मध्ये उस्मानाबादचं धाराशिव झालं. संगणकाला हे कळत नाही. त्याच्या लेखी उस्मानाबाद संपलं आणि धाराशिव नावाचं नवीन ठिकाण सुरू झालं. ही सांधेजोड तुम्हालाच करावी लागते.

तिसरी अडचण: एकक. मेट्रिक पद्धत येईपर्यंत पाऊस इंच आणि सेंटमध्ये लिहिला जायचा. १०० सेंट म्हणजे एक इंच. जुन्या वहीत २ इंच ५६ सेंट दिसले की ते ६५ मिमी होतात.

आणि हा ६५ चा आकडा मी मुद्दाम घेतलाय. महाराष्ट्रात एखाद्या महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिमीहून अधिक पाऊस झाला, की तिथं अतिवृष्टी झाली असं धरतात. मग पंचनामे, मग ३३ टक्क्यांहून अधिक नुकसान असेल तर मदत. २०१७ पासून ‘महावेध’ प्रकल्पात महसूल मंडळांमध्ये स्वयंचलित केंद्रं बसवली गेली. लोहारा तालुक्यात लोहारा, माकणी, जेवळी अशी मंडळं आहेत. माकणीला निम्न तेरणाचं धरण आहे, शिवारात सोयाबीन आहे, तूर आहे.

आता थोडं गणित करू. पर्जन्यमापकाचं तोंड २०० चौरस सेंटिमीटरचं धरा आणि मंडळ १५० चौरस किलोमीटरचं. म्हणजे मंडळाच्या साडेसात अब्जाव्या भागावर पडलेला पाऊस साऱ्या मंडळाच्या वतीनं साक्ष देतो. आणि आपल्याकडचा परतीचा पाऊस कसा असतो? जुनी माणसं म्हणतात, बैलाचं एक शिंग भिजतं, दुसरं कोरडं राहतं.

त्यात यंत्राची मर्यादा. स्वयंचलित पर्जन्यमापकात छोटी तराजूसारखी डोलणारी वाटी असते; ठरावीक पाणी भरलं की ती उलटते आणि एक खूण मोजली जाते. पाऊस धो-धो असला की वाटी उलटत असताना पडणारं पाणी निसटतं आणि मोजणी थोडी कमी येते. समजा, खरा पाऊस ६६ मिमी आहे आणि यंत्रानं तीन टक्के कमी मोजला. नोंद होते ६४. नरसाळ्यात पालापाचोळा किंवा कोळ्याचं जाळं अडकलं असेल तर त्याहून कमी. ज्याचं सोयाबीन पाण्यात उभं आहे, त्याच्या वहीत अतिवृष्टी आणि सरकारी वहीत नाही. मुंगेशपूरला तीन अंशांसाठी पथक गेलं, कारण तो देशाचा विक्रम होता. दोन मिलिमीटरसाठी जेवळीला कोण जाणार?

मग तुम्ही काय करायचं?

संशोधक म्हणून तुमच्या हातात तीन साध्या गोष्टी आहेत.

एक, शून्य आणि रिकामा रकाना यांत फरक करा. ‘पाऊस पडला नाही’ आणि ‘पाऊस मोजला नाही’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. दुष्काळी भागाच्या आकडेवारीत ती एकमेकांत मिसळली, तर तुम्ही घरबसल्या दुष्काळ तयार कराल.

दोन, शेजाऱ्यांना विचारा. एका अक्षावर तुमच्या केंद्राच्या पावसाची वर्षागणिक वाढत जाणारी बेरीज घ्या, दुसऱ्या अक्षावर आजूबाजूच्या चार-पाच केंद्रांच्या सरासरीची तशीच बेरीज. सगळं ठीक असेल तर रेषा सरळ जाते. कुठल्या वर्षी ती वाकली, तर त्या वर्षी हवामान बदललं असं म्हणायची घाई नको. केंद्राची जागा बदलली का, यंत्र बदललं का, शेजारी इमारत उभी राहिली का, हे आधी बघा. आणि शेजारी निवडताना कागदी सीमा पाळू नका. लोहारा हवामान विभागाच्या मराठवाडा उपविभागात येतो, सोलापूर जिल्हा मध्य महाराष्ट्रात. ढगांना ते माहीत नसतं.

तीन, केंद्राची कुंडली लिहा. जागा, उंची, यंत्राचा प्रकार, बदलल्याची तारीख, जुनं नाव, नवं नाव. आकड्यांइतकीच ही माहिती महत्त्वाची. अल अझीझियाचा विक्रम रद्द झाला तो अशाच माहितीमुळे, आणि चेरापुंजीचा टिकला तोही अशाच माहितीमुळे.

देशभराच्या १९०१ पासूनच्या दैनंदिन पावसाचा चौकटीचौकटींचा जो संच आज संशोधक वापरतात, तो ६,९५५ केंद्रांच्या नोंदींतून तयार झालाय. त्यातली प्रत्येक नोंद कुणीतरी सकाळी साडेआठला, भर पावसात, वाडग्यातलं पाणी मोजून वहीत लिहिलेली आहे. लोहाऱ्याच्या नोंदी अजून तरुण आहेत. त्यांची कुंडली आत्ताच नीट लिहिली गेली, तर पन्नास वर्षांनी या तालुक्यावर काम करणाऱ्या विद्यार्थ्याला उमरग्याच्या आकड्यांवर लोहाऱ्याचा पाऊस मोजावा लागणार नाही.