संगणकीय रणखेळांतील मराठे आणि हरवलेला समुद्र

१/ अठराव्या शतकातील हिंदुस्थानचा नकाशा आज अनेक तरुणांना प्रथम संगणकाच्या पडद्यावरच भेटतो. त्या नकाशावर मराठे आहेत. मात्र मालवणच्या किनाऱ्यावरून पाहिले, तर त्यांच्या सत्तेचे एक संपूर्ण अंग, म्हणजे समुद्र, तेथे जवळजवळ नाही. असे का घडते, हे या धाग्यात पाहू.

२/ 'एज ऑफ एम्पायर्स ३'च्या २००७ सालच्या 'एशियन डायनेस्टीज' या विस्तारात 'इंडियन्स' हा एकच हिंदी पक्ष होता. त्याचे नगर दिल्ली, नायक अकबर. त्याच्या वास्तूंत ताजमहाल, आग्ऱ्याचा किल्ला, चारमिनार आणि चितोडचा विजयस्तंभ होते. एकही जलदुर्ग नव्हता.

३/ 'एम्पायर : टोटल वॉर' (२००९) मध्ये मराठा संघ स्वतंत्र पक्ष म्हणून आला. १७०० साली आरंभ होणाऱ्या या डावात मराठी सत्ता हिंदुस्थानभर पसरवता येते. जगभरच्या खेळाडूंना 'मराठा' हा शब्द त्यामुळे परिचित झाला, याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे.

४/ अडचण त्या एकरंगीपणात आहे. प्रत्यक्षात सिंधुदुर्ग करवीरच्या छत्रपतींकडे, सावंतवाडी सावंतांकडे, विजयदुर्ग आंग्र्यांकडे आणि गोवा पोर्तुगीजांकडे होता. एका भरतीत गाठता येणाऱ्या बंदरांवर निरनिराळी निशाणे फडकत होती.

५/ फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गावर तुळाजी आंग्रे यांचे आरमार जळाले. हल्ला वॉटसन व क्लाइव्ह यांचा होता आणि नानासाहेब पेशवे इंग्रजांच्या बाजूस होते. संपूर्ण संघाला एकच रंग देणाऱ्या नकाशावर मराठी इतिहासातील ही निर्णायक घटना मांडताच येत नाही.

६/ 'युरोपा युनिव्हर्सॅलिस ४' (२०१३) १४४४ ते १८२१ हा काळ व्यापतो. त्यातही मराठे आहेत. मात्र त्याचा नियम असा, की प्रत्येक प्रांताला एकच संस्कृती आणि एकच धर्म. नावारच्या बास्क लोकांना जो साचा, तोच मराठी मुलखाला.

७/ मालवणचा किनारा या साच्यात मावत नाही. येथे गाबीत, भंडारी, दालदी आणि ख्रिस्ती अशा अनेक समाजांचा समुद्राशी पिढ्यान्‌पिढ्यांचा संबंध. बोली मालवणी. वेंगुर्ल्याला डचांनी १६३७ मध्ये वखार घातली होती. 'एम्पायर'मधील एका पथकाचे नाव 'हिंदू मस्केटियर्स' आहे. शिवछत्रपतींच्या आरमाराचे दोन प्रमुख मात्र दौलतखान आणि मायनाक भंडारी होते.

८/ या दोघांची कामगिरी १६७९ मध्ये खांदेरीस दिसली. इंग्रजांची जहाजे मोठी, तोफा जड. मराठ्यांच्या होड्या लहान, वल्ह्यांवर चालणाऱ्या. वारा पडला की शिडाची जहाजे खोळंबत आणि होड्या रसद घेऊन निसटत. अखेर बेट मराठ्यांकडेच राहिले.

९/ गुराब आणि गलबत यांचे सामर्थ्य हेच होते. गुराबेच्या नाळेवरील तोफा मारा करीत, गलबते वेगाने भिडत आणि संकट आल्यास उथळ खाडीत शिरत. खोल बुडीची जहाजे तेथे येऊ शकत नसत. खेळांत बहुधा तोफांची संख्या मोजली जाते. भरती-ओहोटी, खडक आणि खाडीची खोली मोजली जात नाही. ज्या बळावर मराठे लढले, तेच गणितातून वगळले जाते.

१०/ सिंधुदुर्गाची जागाही याच गणिताने निवडली गेली. १६६४ मध्ये कुरटे बेटावर बांधकाम सुरू झाले. भोवती बुडालेले खडक, वाट केवळ जाणकार तांडेलाला ठाऊक. समुद्राच्या मधोमध दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. तटाइतकेच हे पाणीही किल्ल्याचे बळ होते.

११/ खेळाला समुद्र दाखवता येत नाही, असे मात्र नाही. २०२२ मध्ये 'एज ऑफ एम्पायर्स २'च्या 'डायनेस्टीज ऑफ इंडिया' या विस्तारात द्रविड पक्षाला 'थिरिसदाई' हे खास लढाऊ जहाज मिळाले. चोळांच्या सागरी परंपरेला जागा मिळाली, ती निर्मात्यांनी तिकडे पाहिले म्हणून.

१२/ जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा म्हणून मान्य केले. त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चार सागरी दुर्ग आहेत. खेळाचा नकाशा हाही इतिहासाचा एक अर्थच असतो, आणि जे त्यावर नाही ते घडलेच नाही, असा ग्रह सहज होतो. म्हणून डाव जिंकल्यावरही एक प्रश्न शिल्लक ठेवावा: या किनाऱ्याचे पाणी किती खोल होते आणि त्यातून होडी कोण हाकीत होते?