रोशेलच्या भट्टीचा पुरावा

विज्ञानाचा इतिहास म्हटला की आपल्याला आर्यभट आठवतो, फार तर जयपूरचे जंतरमंतर. नंदुरबारकडे असे काय सापडणार, असे लोक विचारतात. माझे उत्तर ठरलेले आहे: रोशेल!

रोशा गवताचे तेल ते रोशेल. घरातल्या जुन्या मंडळींना आठवेल, सांधे धरले की चोळायचे ते. ते काढायचे कसे, हे १८८० सालच्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमध्ये, खानदेशाच्या बाराव्या खंडात आहे. (नंदुरबार जिल्हा झाला १९९८ साली, त्यामुळे जुन्या कागदांत खानदेशच शोधावा.)

वाचताना भट्टी डोळ्यांपुढे उभी राहते. पावसाळा सरताना मुसलमान कारागीर भिल्लांकडून गवत विकत घेत. लाकूड-पाणी मुबलक अशा ओढ्याकाठी चूल खणत. मोठ्या हंड्यात थोडे पाणी, वर काठोकाठ चिरलेले गवत. झाकण कणकेने लिंपायचे. झाकणाच्या भोकातून बांबूची नळी, तिला कापड गुंडाळून उडदाच्या पिठाचा लेप. नळीचे दुसरे टोक वाहत्या पाण्यात गळ्यापर्यंत बुडवलेल्या बंद भांड्यात. वाफ तिथे निवते, तेल वर तरंगते. कोवळ्या, निळसर-पांढऱ्या फुलोऱ्याच्या तेलाला मोतिया म्हणत आणि त्याचा वास जास्त नाजूक. पण विकायला जाताना त्यात पिकल्या लाल गवताचे तेल मिसळलेले असायचेच.

तेल बैलांच्या पाठीवर कोंडाईबारीच्या घाटाने सुरतेला जाई. मुंबईहून पुढे तांबड्या समुद्रातून थेट इस्तंबूलपर्यंत, आणि तिकडे चक्क गुलाबाच्या अत्तरात भेसळीला! गंमत म्हणजे, १८७१ साली ऑस्कर याकोबसेन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने जिरॅनिऑल प्रथम वेगळे केले तेही भारतातून आलेल्या अशाच गवताच्या तेलातून.

आता खरा प्रश्न. या वर्णनावर विश्वास ठेवायचा किती? डायमॉक वगैरेंच्या 'फार्माकोग्राफिया इंडिका'तही ते आहे, पण तिथे ते गॅझेटियरमधूनच घेतलेले. म्हणजे साक्षीदार दोन दिसले तरी साक्ष एकच. दुसरी साक्ष मला कनौजच्या अत्तरवाल्यांची वाटते. त्यांचे देग-भपके आजही चालतात. तीच बांबूची नळी, तेच पाण्यात बुडवलेले भांडे, फक्त कणकेऐवजी माती. तेव्हा साहेबाने ऐकीव लिहिलेले नाही, असे मी धरून चालतो.

पण त्याने विचारले नाही तेही पुष्कळ आहे. गवत कधी कापायचे हे ठरवत कोण? अक्राणीच्या डोंगरात ते कापणाऱ्या भिल्लांची बाजू त्या पानात नाही, त्यांच्याकडून गवत विकत घेतले एवढेच. त्यासाठी इलाख्याच्या वनखात्याचे जुने वार्षिक अहवाल चाळायला हवेत, आणि धडगाव-तळोद्याकडच्या म्हाताऱ्या माणसांशी बोलायला हवे. दुसरे काम जास्त घाईचे.

तळोदा-शहाद्याकडच्या नातेवाईकांना एक विनंती. माळ्यावर झाकणाला भोक असलेला जुना तांब्याचा हंडा सापडला तर मोडीत देऊ नका, आधी मला फोन करा.